विहिणीसाठी घेतलेला शब्दकोश

पेचकस मावशीचा माणसांच्या बोलण्यावर कधी भरवसा बसला नाही. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात तिची पस्तीस वर्षं गेली, आणि त्या पस्तीस वर्षांत मशीनचा आजार बरोबर सांगणारं एकही गिऱ्हाईक तिच्या दुकानाची पायरी चढलं नाही. "दोराच भिकार आहे, सारखा तुटतो," म्हणणाऱ्या बाईनं सुई उलटी बसवलेली असायची. "आपोआप बंद पडली" म्हणणाऱ्या शिंप्याच्या मशीनच्या पोटातून खडूचा तुकडा, दोन टाचण्या आणि एकदा तर कानातला डूल निघाला होता. तो डूल त्याच्या बायकोचा नव्हता, ही गोष्ट वेगळी. म्हणून मावशीचा नियम ठरलेला. मालक सांगेल ते ऐकायचं, मान डोलवायची आणि मशीन आडवी करून खालून उघडायची. मशीन खोटं बोलत नाही. कारण तिला नातेवाईक नसतात.

पेचकस हे नाव गल्लीनं दिलेलं. ते कमरेला खोचलेल्या हत्यारामुळे की तोंडातल्या, यावर गल्लीत दोन तट होते. मावशीला दोन्ही मान्य होते. शाळा सातवीत सुटली, पण त्याचं तिला फार वाईट कधी वाटलं नाही. कारखान्यांत विजेवरच्या मशीन आल्या तेव्हा मोटरच्या वायरिंगचा नकाशा वाचायला ती कुणाच्या दारात गेली नाही. तीन रविवार नकाशा जमिनीवर पसरून बसली आणि चौथ्या रविवारी त्यातली चूक काढून कंपनीला पत्र पाठवलं. कंपनीनं उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर नवल.

घरात मावशी, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. खाली दुकान, वर दोन खोल्या. मुलगा नोकरीला परदेशी गेला होता आणि येताना अरबी बोलणारी बायको घेऊन आला. सून गुणी होती, मोजकं बोलायची आणि मावशीच्या भाषेत बोलायची. फक्त लेकीशी आणि फोनवर आपल्या आईशी अरबीत. नातीचं नाव मावशीनं बॉबिन ठेवलं होतं, कारण ती दिवसभर गरगर फिरायची आणि थांबली की गुंता झालेला असायचा.

मावशी सगळ्या भाषांत एकच वाक्य घाबरत घाबरत ऐकायची, ते म्हणजे मुलाचं, "आई, एक विषय आहे."

विषय असा होता. मुलाला आणि सुनेला दोघांनाही दूरच्या एका धरणाच्या कामावर दोन वर्षांसाठी बोलावणं आलं होतं. कॅम्पात राहायचं, मुलांना बंदी.

"मग बॉबिन?" मावशीनं विचारलं.

"सासूबाई न्यायचं म्हणताहेत तिला. फार आग्रह आहे त्यांचा. तीन महिन्यांनी येतील, तेव्हा बोलू सगळे."

"सगळे म्हणजे? त्यांना माझं कळत नाही, मला त्यांचं कळत नाही."

"मी आहे ना मधे," मुलगा म्हणाला.

आणि तिथेच मावशीच्या डोक्यात दिवा लागला. मधे. आयुष्यभर तिचं ज्यांच्याशी वाकडं आलं ते सगळे मधलेच होते. कारखाना आणि कारागीर यांच्यामधला मुकादम, ऑफिस आणि अर्ज यांच्यामधला एजंट, आणि आता आजी आणि आजी यांच्यामधला पोटचा गोळा. शिवाय त्यानं हे सांगताना तिच्याकडे न बघता पंख्याकडे बघितलं होतं. लहानपणी काच फोडली की असाच पंख्याकडे बघायचा.

बॉबिनला दोन्ही भाषा येत होत्या, तिला दुभाषी करता आलं असतं. पण पोर कुणाकडे राहणार याचं भांडण पोराच्याच तोंडून करायचं, इतकी लाज मावशीनं सोडलेली नव्हती. तिनं ठरवलं, तीन महिने आहेत. अरबी शिकायची. कुणाला कळू न देता. मग बघू विहीणबाई काय म्हणतात आणि आमचे चिरंजीव काय सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेली. दुकानदार सत्तरीचा. जन्मभर बंदरात दुभाष्याचं काम केलेला, आणि आता पुस्तकांच्या ढिगामागे बसून गिऱ्हाइकांची गंमत बघणारा.

"अरबीची डिक्शनरी दाखवा."

"कुणासाठी?"

"डॉक्टर आहात का? दाखवा."

त्यानं तीन पुस्तकं काढून गल्ल्यावर ठेवली. पहिलं खिशात मावणारं. "हे प्रवाशांसाठी. विमानतळ कुठे आहे, खोली मिळेल का, माझं सामान हरवलं."

"माझं अजून हरवलेलं नाही. हरवू नये म्हणूनच आले. पुढचं."

"हे दोन. हे आपल्या भाषेतून अरबीत, बोलायला उपयोगी. आणि हे जाड, अरबीतून आपल्या भाषेत. तुम्हाला बोलायचंय की ऐकायचंय?"

"ऐकायचंय. बोलायला मला आजवर पुस्तक लागलेलं नाही."

"तरी नवशिक्यानं लहानापासून सुरुवात करावी, बाई. लहानात शब्द सरळ अक्षरांच्या क्रमानं असतात. या जाड्याची रचना जरा..."

मावशीचं लक्ष नव्हतं. तिनं जाड पुस्तक मधोमध उघडलं, पाठीवर बोट फिरवलं, आतला दोरा नखानं ओढून पाहिला. लहान पुस्तक नुसतं डिंकानं चिकटवलेलं होतं. जाडं मात्र घड्या घालून, दुहेरी दोऱ्यानं, मेण लावून शिवलेलं. ज्यानं हे शिवलं त्याला काम येत होतं. आणि ज्याला बाहेरचं काम येतं तो आतलं वाया घालवणार नाही, असा मावशीचा हिशेब.

"हेच द्या."

"जमलं नाही तर परत घेत नाही मी."

"परत देणाऱ्यातली मी नाही," मावशी म्हणाली. आणि बाराव्या दिवशी परत आली.

ते बारा दिवस कसे गेले ते तिलाच ठाऊक. अक्षरं अठ्ठावीस, ती बॉबिनच्या चित्रांच्या पुस्तकातून गिरवली. "आजी, तुला एवढं पण येत नाही?" असं बॉबिननं विचारलं तेव्हा मावशीनं तिला रिकाम्या मशीनचा पायडल मारायची परवानगी देऊन तोंड बंद ठेवण्याचं वचन घेतलं. पोरीनं वचन पाळलं. एवढं मोठ्या माणसांना जमत नाही. अक्षरं जुळायला लागली तशी मावशीनं पहिली शिकार केली. सून फोनवर तिच्या आईशी बोलताना एक शब्द सारखा यायचा, मदरसा. मावशीनं तो खडूनं मशीनच्या फळीवर लिहून घेतला, झाकण घातलं, आणि सून आत गेल्यावर जाड्यात 'म' उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं. मदरसा नाही. दुसऱ्यांदा फिरवलं. नाही ते नाहीच. उलट 'म'चं प्रकरण संशय यावा इतकं बारीक. एवढी बोलकी भाषा आणि 'म'ला मूठभर पानं. मावशीनं पानांचे आकडे तपासले, शिवण तपासली, कुठे पातं फिरलंय का ते भिंगातून बघितलं. आकडे सरळ होते. म्हणजे चोरी छापखान्यातच झाली होती.

"मापात पाप आहे," तिनं पुस्तक गल्ल्यावर आपटलं. "निम्मा 'म' गायब. सुनेच्या तोंडात रोज असलेला शब्द तुमच्या पुस्तकात नाही."

"कोणता?"

"मदरसा."

म्हातारा चष्मा पुसायला लागला. गालातल्या गालात हसणं लपवायला त्यानं तो नको तितका वेळ पुसला. "बाई, काम काय करता तुम्ही?"

"शिलाई मशीन दुरुस्ती. विषय बदलू नका."

"गिऱ्हाईक मशीन आणतं. वर लाकडी पेटी असते, तिला रंग असतो, कुणी वेलबुट्टी काढलेली असते. त्यावरून ओळखता का आत कोणती मशीन आहे?"

"पेटीवरून? पेटी कुणीही कसलीही बसवतं. पेटी काढायची, पट्टा काढायचा, वरचं झाकण काढायचं. नंबर आत लोखंडावर कोरलेला असतो. आमच्या सुट्या भागांच्या यादीत त्या नंबराखाली सगळे भाग मिळतात."

"मग काढा पेटी," म्हातारा म्हणाला, आणि गल्ल्यावर खडूनं मदरसा लिहून त्यातला पहिला 'म' त्यानं एका अंगठ्यानं झाकला आणि शेवटचं अक्षर दुसऱ्या. मधे राहिले द, र, स.

मावशीनं त्याच्याकडे एकदा रोखून बघितलं. मग पुस्तक ओढलं आणि 'द' उघडला. तिथे होतं सगळं घरदार. धडा, धडा शिकणं, धडा शिकवणारा, आणि ओळीत चौथं, आपलं काहीच चुकलं नसल्यासारखं बसलेलं, शाळा.

"हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगत होतो. तुम्ही दोरा ओढून बघत होता."

त्या दिवसापासून मावशीला जाड्याचं वेड लागलं. शब्द दिसला की ती पेचकस लावायची. पुढचं जोडलेलं काढ, मागचं काढ, मधे घुसवलेलं काढ, उरलेल्या तीन अक्षरांवर नंबर वाच. आणि गंमत म्हणजे आत जिथे तिथे ओळखीची माणसं भेटायला लागली. नजर आणि मंजूर एकाच घरातले सख्खे निघाले. अधिकाऱ्यानं नजर टाकल्याशिवाय मंजुरी का मिळत नाही, याचा उलगडा मावशीला साठाव्या वर्षी झाला. हुकूम आणि हाकीम बापलेक. मालक आणि मुलूख एका ताटात जेवणारे. जन्मभर आपण या लोकांना तोंडात वागवलं आणि त्यांचं मूळ घर कधी विचारलं नाही, याचं तिला थोडं ओशाळं वाटलं.

दुपारी सून मागच्या गॅलरीत फोनवर बोलायला लागली की मावशी दोरा न लावता मशीन चालवायची, म्हणजे आपण कामात आहोत असं वाटावं. कान मात्र गॅलरीत. सापडलेला शब्द खडूनं फळीवर, मग जाड्यात, आणि त्या पानात रंगीत दोऱ्याची खूण. बॉबिनच्या संबंधातले शब्द लाल दोऱ्याचे. अर्थ लागलेले पांढरे. न लागलेले काळे, आणि काळे बरेच. सुनेच्या तोंडातली अरबी म्हणजे पुस्तकातल्या अरबीचे निम्मे स्क्रू ढिले केलेले. एकदा 'रुक्बा' असा शब्द पाच वेळा आला. मावशीनं घर शोधलं तर आत घोड्यावर बसणं, प्रवासी, गलबत आणि गुडघा असे चार जण राहत होते. विहीणबाई घोड्यावरून येणार, गलबतातून, की रांगत, याचा विचार करण्यात एक दुपार गेली. शेवटी तिनं चौघांनाही काळा दोरा बांधला.

अडचण एकच होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं विकत आणलेली होती. जाडं एकेरी रस्त्याचं होतं. तिकडून इकडे. इकडून तिकडे जायची सोयच नाही. विहीणबाईंना विचारायचा एक प्रश्न तिनं अरबीत बनवायला घेतला, तेव्हा हवा तो अर्थ दिसेपर्यंत पानंच्या पानं चाळत बसावं लागलं. एका वाक्याला एकोणीस दिवस. दुसरं पुस्तक आणायला ती गेली नाही. म्हाताऱ्याचा चष्मा पुसणं तिला परत बघायचं नव्हतं.

विहीणबाई आल्या. उंच, सडसडीत, हातात काठी, नाकावर जाड चष्मा. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, ते चेहऱ्यावरच लिहिलेलं. जिन्याच्या सोळा पायऱ्या चढायला त्यांना जो वेळ लागला आणि प्रत्येक पायरीला त्यांनी जो हात गुडघ्यावर ठेवला, तो बघून मावशीनं मनातल्या मनात गलबत बुडवलं आणि घोडा सोडून दिला.

चहा झाला. मुलगा मधल्या खुर्चीत बसला. मधल्याच.

विहीणबाई बोलायला लागल्या. चांगल्या दीड मिनिट बोलल्या. मावशी चहाच्या कपात बघत मोजत होती. मुलगी आली, शाळा आली, गुडघा दोनदा, आणि 'ला' तीनदा. ला म्हणजे नाही, एवढं तर पहिल्या आठवड्यात झालं होतं.

"काय म्हणाल्या?" मावशीनं विचारलं.

"म्हणाल्या, घर छान आहे," मुलगा म्हणाला.

"एवढं सगळं घराबद्दल?"

"म्हणजे हवेशीर आहे, वगैरे."

"आणि बॉबिनचं?"

"न्यायचंच म्हणताहेत. फार जीव आहे त्यांचा."

तीन 'ला' गेले कुठे, असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते चहाबरोबर गिळलं. झाकण उघडायच्या आधी मशीनला हात लावायचा नसतो.

संधी तिसऱ्या दिवशी मिळाली. मुलगा आणि सून कामाच्या कागदपत्रांसाठी बाहेर गेले, बॉबिन शेजारी खेळायला. विहीणबाई खाली दुकानात येऊन बसल्या होत्या आणि भिंतीवरच्या मशीनच्या डोक्यांची रांग एखाद्या वर्गाची हजेरी घ्यावी तशी बघत होत्या. मावशीनं हात पुसले. समोर उभी राहिली. एकोणीस दिवसांचं वाक्य म्हणाली.

त्याचा भाव आपल्या भाषेत सांगायचा तर असा होता: "हे माननीय महिले, तू माझ्या नातीची मागणी कोणत्या कारणास्तव करीत आहेस?"

विहीणबाईंची काठी हातातून सुटली. त्यांनी ती उचलली नाही. आधी डोळे मोठे झाले, मग ओठ आत ओढले गेले, मग खांदे हलायला लागले. घरातल्या मांजरानं उठून बातम्या द्याव्यात, तसं काहीतरी त्यांना झालं असावं. मावशीचा पारा चढला. हसायला काय झालं? पण तेवढ्यात विहीणबाई गंभीर झाल्या आणि भराभर उत्तर द्यायला लागल्या. मावशीच्या हाती त्यातला एकही शब्द लागला नाही. तीन महिन्यांची मेहनत आगगाडीसारखी समोरून धडधडत निघून गेली.

मावशीनं हात वर केला. थांबा. मशीनवरचं झाकण उचललं आणि खालून जाडं बाहेर काढलं. तेलाचे डाग, खडूची पूड, बाजूनं लाल-पांढऱ्या-काळ्या दोऱ्यांची झालर.

विहीणबाईंनी पुस्तक हातात घेतलं. एक लाल दोरा उघडला. शाळा. दुसरा उघडला. मुलगी. तिसरा. त्या हळूहळू दोऱ्यांवरून बोट फिरवत गेल्या, आणि त्यांचं हसणं कुठे गेलं ते कळलं नाही. चाळीस वर्षांत विद्यार्थी पुष्कळ पाहिले असतील. असा अभ्यास बहुधा पाहिला नसावा.

मग त्यांनी पानं उलटली. मावशीला जे शोधायला अर्धा तास लागायचा, ते त्यांचं बोट न अडखळता, स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधावा तसं शोधत होतं. मावशीला जळफळाट झाला, पण ती वाकून बघायला लागली. बोट एका शब्दावर थांबलं. पुढे आपल्या भाषेत अर्थ होता: नाकारणे. विहीणबाईंनी ते बोट उचललं आणि मावशीच्या छातीकडे रोखलं. मग दाराशी पडलेल्या बॉबिनच्या चपलांकडे.

तुम्ही तिला नाकारलंत.

"मी?" मावशी म्हणाली. "मी नाकारलं? माझ्या बॉबिनला?"

हे विहीणबाईंना भाषेशिवाय समजलं. मावशीनं पुस्तक ओढलं, धडपडत, ओठ हलवत, 'त'च्या भाऊबंदांत तलबेचं घर शोधलं. मागणी करणे. बोट ठेवलं आणि विहीणबाईंकडे दाखवलं. तुम्हीच मागितलंत ना तिला?

"ला," विहीणबाई म्हणाल्या. आणि गुडघ्यावर हात मारून पुन्हा, "ला." मग खडू घेऊन फळीवर त्यांनी त्यांच्या घराच्या पायऱ्या काढल्या आणि शेजारी आकडा लिहिला. चौसष्ट. चौसष्ट पायऱ्या, हे गुडघे आणि ती गरगरणारी पोर. मागितली नव्हती. आईला जमणार नाही असं जावयानं सांगितलं, म्हणून न्यायला आल्या होत्या.

मग दोघींनी एकदमच जिन्याकडे बघितलं. तिथे मुलाचे जुने बूट होते.

विहीणबाईंनी आपण होऊन पुस्तक उघडलं आणि 'क'मधल्या एका घरावर बोट ठेवलं. खोटं बोलणे. खाली सगळी वंशावळ. खोटं, खोटा, खोटं ठरवणं. मावशीनं साध्या खोट्यावर बोट ठेवलं. विहीणबाईंनी मान हलवली, तिचं बोट धरलं आणि दोन ओळी खाली नेऊन ठेवलं. कझ्झाब. जातीचा, सवयीचा, पट्टीचा खोटारडा. पेपर तपासताना चूक दाखवावी तशी त्यांनी मान डोलवली. मावशीनं नवाकोरा लाल दोरा काढला आणि त्या पानात घातला.

दुपारचं जेवण चौघांचं एकत्र झालं. दोघी विहिणी समोरासमोर, मुलगा मधे.

"विहीणबाईंना सांग," मावशी गोड आवाजात म्हणाली, "मी म्हणते, पोरगी माझ्याकडेच राहू दे."

मुलानं पंख्याकडे बघितलं आणि अरबीत एक छोटं वाक्य म्हटलं. मावशीनं कान दिला. त्यात मुलगी नव्हती. राहणं नव्हतं. घर होतं आणि जेवण होतं.

विहीणबाईंनी घास सावकाश चावला आणि उत्तर दिलं, मुद्दाम सुटं सुटं, शुद्धलेखन घालावं तसं. मुलगी, तिच्या आजीजवळ, इथे. मावशीला प्रत्येक शब्द नंबरासकट ऐकू आला.

"काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, नको, मी घेऊनच जाते."

विहीणबाईंनी मांडीवरून जाडं उचललं, ताटांच्या मधे ठेवलं आणि लाल दोऱ्याच्या जागी उघडलं. मावशीनं बोट ठेवलं. पहिल्या ओळीवर नाही, तिसऱ्या.

मुलानं वाचलं. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान. सून तोंडावर हात धरून बसली. ती हसत होती की रडत होती ते सांगणं कठीण होतं.

"आई, हे... तू... कधीपासून?"

"ते नंतर. आधी तू सांग. मला जमणार नाही हे तुला कुणी सांगितलं?"

त्यानं पंख्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण दोन्हीकडून चार डोळे रोखलेले होते. "कुणी नाही," तो म्हणाला. "मी इथेच वाढलोय ना आई. शाळेतून आलो की तू म्हणायचीस, थांब, एवढी मशीन होऊ दे. ती झाली की दुसरी असायची. मी खाली बसून सुटे स्क्रू वेगळे करायचो आणि तिथेच झोपायचो. हे तुझ्या तोंडावर कसं बोलणार? म्हणून त्यांचा आग्रह आहे असं सांगितलं."

मावशीनं ताटातली बोटं उगाच एकमेकांवर घासली.

तेव्हा सून बोलली. घरात ती कधी मधे बोलायची नाही. "आई, त्याचं कारण ते आहे. माझं दुसरं आहे. दोन वर्षं ती इथे राहिली तर माझी भाषा विसरेल. पाच वर्षांची मुलं पटकन विसरतात. मग माझ्या आईशी ती काय बोलणार? माझ्याशी काय बोलणार? इथे तिच्याशी अरबी कोण बोलेल?"

मावशीनं जाडं उघडंच होतं ते मिटलं आणि स्वतःकडे ओढून घेतलं. "मी," ती म्हणाली.

सुनेनं ते आपल्या आईला सांगितलं. यावेळी भाषांतर खरं होतं, ते मावशीला कळलं. विहीणबाईंनी चष्मा वर सरकवला आणि तिथल्या तिथे, ताटं उचलायच्या आत, परीक्षा सुरू केली. पाण्याचा ग्लास उचलला. मावशीनं सांगितलं. खिडकी. सांगितलं. दार, खुर्ची, हात. गुडघा तर तिनं न विचारता सांगितला. चमच्याला अडली. जावयाकडे बोट केल्यावर तिनं कझ्झाब म्हटलं, त्याचे पूर्ण गुण मिळाले.

"आई," सून हसत डोळे पुसत म्हणाली, "ती तुमच्याकडे शिकली तर बातम्या देणाऱ्यासारखी बोलेल."

"मग बातम्या देईल. उपाशी मरणार नाही."

विहीणबाई बराच वेळ बोलल्या, आणि मुलानं पहिल्यांदाच शब्दाला शब्द लावून सांगितलं. पोर इथेच राहील. अटी दोन. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चारनंतर, त्या फोनवर शिकवणी घेतील. एका मुलीची नाही, दोन मुलींची. आणि चार वाजता दुकानाचं शटर खाली. अर्धवट उघडलेली मशीन तशीच राहिली तरी चालेल, पोर अर्धवट राहिलेली चालणार नाही.

पस्तीस वर्षांत मावशीचं शटर अंधार पडल्याशिवाय खाली आलं नव्हतं. तिनं भिंतीवरच्या मशीनच्या रांगेकडे बघितलं. मग मुलाकडे.

"मान्य," ती म्हणाली. म्हणायचं ते दोनदा म्हणाली, दुसऱ्यांदा अरबीत.

मुलगा आणि सून धरणावर गेले, विहीणबाई आपल्या चौसष्ट पायऱ्यांवर गेल्या. शिकवणी सुरू झाली. पहिल्याच महिन्यात श्रुतलेखन झालं. फोन भिंतीला टेकवून ठेवलेला, बॉबिन एका बाजूला, मावशी दुसऱ्या, दोघींच्या वह्या फोनसमोर धरायच्या. बॉबिनला दहापैकी नऊ. मावशीला चार. मावशीनं वाद घातला की पाचवा शब्द विहीणबाईंनी पुटपुटल्यासारखा सांगितला होता. विहीणबाईंनी त्याबद्दल आणखी अर्धा गुण कापला.

त्याच दिवशी सव्वाचारला एका शिंप्यानं शटर बडवलं. हातात मशीन, कपाळावर घाम.

"मावशी, उघड जरा. आपोआप बंद पडली. दहा मिनिटांचं काम आहे."

मावशीनं शटर वीतभर वर केलं. सवयीनं हात पेचकसाकडे गेला. आतून बॉबिनचा आवाज येत होता, ती अरबीत काहीतरी तोऱ्यात सांगत होती आणि फोनमधून तिची आजी हसत होती.

"उद्या आण," मावशी म्हणाली. "आत्ता मी शाळेत आहे."

"शाळेत? या वयात? कितवीत?"

"मुलाच्या वेळी ज्या यत्तेत नापास झाले, तीच परत करतेय," मावशी म्हणाली आणि शटर ओढून घेतलं.